तीस सेकंदांच्या आत

गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास त्रिवेणी केस पुसत बाल्कनीच्या दाराशी आली, तर हणमंतराव तिच्याकडे पाठ करून उभे होते. कठड्यावर पाण्याची वाटी होती. ते उजव्या हाताचं बोट वाटीत बुडवत, लुंगीला हलकेच टिपत आणि हातातल्या फोनच्या काचेवर टेकवत. मग पुन्हा वाटी, पुन्हा लुंगी, पुन्हा काच.

"बाबा, काय चाललंय?"

ते दचकले. फोन पाठीमागे गेला.

"कुठं काय? तू आवर. मेट्रोला गर्दी होईल."

"फोनला काय झालं?"

"फोनला काय होतंय! माझी बोटं सुकली. म्हातारपणी कातडीत ओल राहत नाही बाई, मग काचेला कळत नाही माणूस आहे का लाकूड."

स्वयंपाकघरातून कुसुमबाई बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच होती. "चार दिवस झाले हे सोंग चाललंय. मला शपथ घातली. पोरीचं मोठं काम आहे, तिच्या डोक्याला ताप नको म्हणे."

"मोडलीस ना शेवटी शपथ!"

"तुम्ही उघड्यावर वाटी मांडून बसलात, त्यात माझा काय दोष?"

त्रिवेणीने वडिलांच्या हातून फोन घेतला. पडद्यावर वेळ होती, तारीख होती, खाली आकडे टाकायची जागा होती. तिने बोट ठेवलं. काही झालं नाही. तिचं बोट एकोणतीस वर्षांचं होतं आणि नुकतंच न्हाऊन आलेलं होतं. तिने अंगठा ठेवला, मधलं बोट ठेवलं, पूर्ण पंजा फिरवला. घड्याळ सात वाजून चार मिनिटांवरून पाचवर गेलं, म्हणजे फोन जिवंत होता. फक्त काच मेलेली होती.

"दे इकडं," हणमंतराव म्हणाले. "रोज पहिल्यांदा रुसतो तो. बाजूचं बटण दाबून धरलं की विझतो आणि दुसऱ्यांदा सुरळीत उठतो. आता सवय झाली मला."

त्यांनी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, कंपनीची खूण उमटली, फोन नव्याने सुरू झाला. या वेळी काच पहिल्याच स्पर्शाला उघडली.

"बघ. आहे का काही?"

त्रिवेणीने फोन परत दिला नाही. फोन सुरू होताना आत जे जे घडतं ते गेल्या नऊ महिन्यांत तिनेच बदललं होतं. हा फोन घरच्या वापराच्या चाचणीसाठी कंपनीने दिला होता, चार दिवसांपूर्वी त्यात तिचं नवं काम भरलं होतं, आणि तेच काम आज संध्याकाळी सहा वाजता अपडेट म्हणून अकरा लाख फोनांवर जाणार होतं.

"बाबा, हा मी घेऊन जाते आज."

"ने. पण त्याला बोल लावू नको," हणमंतराव म्हणाले. "बोटं माझीच आहेत."

*

हणमंतराव बिरादारांचं घर अंबरपेठेत दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ते मूळचे उदगीरकडचे. वडिलोपार्जित जमीन तीन भावांत वाटली गेली तेव्हा ते हैदराबादला आले आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून राहिले. त्रिवेणी ही एकुलती एक. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग शाळेत मुलंच उरली नाहीत म्हणून इंग्रजी. पुढे डिप्लोमा, पुढे नोकरी करत डिग्री. दिलसुखनगरला साडीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक क्लास होता. तिथे साठ मुलं दाटीवाटीने बसून अॅप कसं बनवायचं ते शिकायची. त्रिवेणीला मात्र अॅपच्या आधीचं काय ते हवं असायचं. बटण दाबल्यावर काळ्या पडद्याआड काय चालतं? "वो सब कोई नहीं पूछता इंटरव्ह्यू में," सर सांगायचे. ती तरी तेच विचारत राहायची.

शेवटी तेच तिचं काम झालं. कंपनी स्वस्त फोन बनवणारी. फोन टिकाऊ, पण सुरू व्हायला बावन्न सेकंद. लोक लिहायचे, तुमचा फोन उठेपर्यंत आमचा चहा होतो. वरून आकडा आला, तीस सेकंदांच्या आत. आणि तो आकडा रायदुर्गच्या ऑफिसात त्रिवेणीच्या टेबलावर येऊन पडला.

फोन एकदम जागा होत नाही. आधी एक बारीकसा प्रोग्राम उठतो, तो मोठ्याला उठवतो, मोठा मग शंभरेक जणांना रांगेत उभं करतो. कॅमेरा, आवाज, नेटवर्क, घड्याळ, काच. एकाचं झालं की दुसऱ्याचं. त्रिवेणीने नऊ महिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तू कुणासाठी थांबलायस? कुसुमबाई सकाळी एका शेगडीवर कुकर लावून दुसरीवर पोळ्या करतात, कुकर होईपर्यंत हात बांधून उभ्या राहत नाहीत. तसंच तिने फोनच्या आत केलं. ज्यांना एकमेकांची गरज नव्हती त्यांना एकाच वेळी उठवलं. बावन्नचे चाळीस झाले, चाळीसचे तेहतीस, आणि मग आकडा तीस पूर्णांक दोनवर अडकला. तीन आठवडे हलेना.

तेव्हा तिला ती ओळ सापडली. काचेमागे स्पर्श ओळखणारी एक चिप असते. ती चिप उठण्याची वाट पाहायला कुणीतरी कधीकाळी चार दशांश सेकंद राखून ठेवले होते. का, ते लिहिलेलं नव्हतं. लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. त्रिवेणीने दोन हजार वेळा फोन सुरू करून पाहिला. दोन हजार वेळा चिप आधीच तयार होती. तिने ती ओळ काढून टाकली.

एकोणतीस पूर्णांक आठ.

त्या दिवशी तिचे मॅनेजर श्रीधर यांनी काजूबर्फी वाटली होती. तीस सेकंदांच्या आत, असं लिहिलेला कागद भिंतीवर लागला. आणि श्रीधरनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आकडा बाजारात गेला की तिचं कायमचं पत्र निघेल. सहा वर्षं ती कंत्राटावर होती. कंत्राटवाल्यांच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी पिवळी, कायमवाल्यांची निळी. निळी दोरी आली की आईबाबांचा दवाखानाही कंपनीच्या विम्यात येणार होता.

मूसारामबागला मेट्रोत चढून अमीरपेठला गाडी बदलेपर्यंत ती हेच उलटसुलट करत होती. दोन हजार वेळा. दोन हजारांत एकदाही नाही, आणि बाबांकडे चार दिवसांत चार वेळा?

*

"एक फोन, एक म्हातारा," श्रीधर म्हणाले. ते वरंगळकडचे. त्रिवेणीशी दखनी आणि इंग्रजीची खिचडी बोलायचे, रागावले की तेलुगूत शिरायचे. "और तुम बोलरे रोक दो? कादम्मा, ऐसा नहीं होता."

"मी डोळ्यांनी पाहिलंय. काच मेली होती."

"फोनमध्ये नोंद आहे?"

"नाही. बाबांनी बटण दाबून पुन्हा सुरू केला, त्यात मागची नोंद पुसली गेली."

"मग एखादाच फोन खराब असेल. त्रिवेणी, वरती सगळ्यांना कळवून झालंय. मी काय सांगू, आमच्या मुलीच्या वडिलांची बोटं सुकली?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ झाले होते. "लॅबमध्ये दाखव. मला माझ्या डोळ्यांसमोर अडकलेला फोन दाखव, मी स्वतः रोखतो. साडेपाचपर्यंत."

रोखायचं बटण खरं तर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर होतं. ज्याचं काम बाहेर जातंय तो कुणीही ते दाबू शकत होता. फक्त आपलं नाव आणि कारण लिहावं लागायचं आणि ते सगळ्या कंपनीला दिसायचं. आजवर ते कुणी दाबलं नव्हतं.

लॅबमध्ये भिंतीच्या मांडणीवर चाळीस फोन उभे होते. प्रत्येकाच्या बुडाशी वायर. लॅब सांभाळणारा प्रमोद नांदेडचा होता, त्यामुळे तिथे मराठी चालायची.

"प्रमोद, आपण दोन हजार वेळा जे केलं ते फोन सुरू करणं नव्हतं रे," ती म्हणाली. हे तिला अमीरपेठच्या जिन्यावर सुचलं होतं. "ते पुन्हा सुरू करणं होतं. प्रोग्राम सांगतो, परत उठ, आणि फोन दोन सेकंदांत परत उठायला लागतो. तो पूर्ण विझतच नाही. चिप जागीच असते. बाबा रात्री फोन बंद करतात. पार बंद."

"रात्री फोन बंद करतात? आजच्या काळात?" प्रमोद हसला. "झोपेत कुणी फोन केला तर?"

"साडेनऊनंतर येणारा फोन चांगल्या बातमीचा नसतो, ती सकाळी कळली तरी चालते म्हणतात."

दहा वाजता त्यांनी दहा फोन बंद केले. पुन्हा सुरू नाही, बंद. बारा वाजेपर्यंत थांबायचं ठरलं. त्या दोन तासांत त्रिवेणीने तीन वेळा चहा घेतला आणि एकही पुरा प्यायली नाही. तिच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात संध्याकाळच्या सहापर्यंतचा उलटा आकडा पळत होता. बाराला तिने पहिला फोन सुरू केला. काच उघडली. दुसरा. उघडली. तिसरा, चौथा, पाचवा. दहाच्या दहा उघडले.

"झालं," प्रमोद हळूच म्हणाला. "काकांची बोटंच असतील मॅडम. माझ्या आजीचं पण असंच व्हायचं."

त्रिवेणीला क्षणभर हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. तिने सकाळी तिथे आपलं स्वतःचं बोट ठेवलं होतं.

एक वाजता तिने घरी फोन लावला. कुसुमबाईंनी उचलला. "जेवलीस का?"

"आई, बाबांना दे."

"डबा उघडला नाहीस ना? आवाजावरून कळतं मला."

"आई, दे ना गं!"

हणमंतराव फोनवर आले. "निघालं का काही?"

"बाबा, नीट आठवून सांगा. रात्री फोन कसा बंद करता? एकेक गोष्ट सांगा. काही गाळू नका."

"काय गाळायचंय त्यात? साडेनऊच्या बातम्या झाल्या की चार्जरची पिन काढतो. भिंतीवरचं बटण बंद करतो. मग फोन बंद करतो आणि स्टुलावर पालथा ठेवतो."

"पिन काढता?"

"हौ. रात्रभर करंट कशाला ठेवायचा त्याच्या अंगात? आणि मी सांगतो तुला, कुठलंही मशिन पार थंड झालं की त्याची गत वेगळी. दहा मिनिटं थांबवलेला पंप बटण दाबलं की पाणी मारतो. रात्रभर बंद राहिलेल्यातलं पाणी उतरून जातं. सकाळी आधी त्याला पाणी पाजावं लागतं, हवा काढावी लागते, मग तो उचलतो. नव्या पोरांना हे सांगून कळायचं नाही. पहिल्याच दिवशी कोरडा पंप फिरवून जाळायची..."

त्रिवेणीची नजर मांडणीवर गेली. चाळीस फोन, चाळीस वायरी. बंद केलेले दहाही वायरीलाच होते. फोन बंद होता, पण वायरीतून थोडी थोडी वीज आत पाझरत होती, आणि तेवढ्यावर ती चिप अर्धी जागी राहिली होती. लॅबमधला एकही फोन कधी खराखुरा बंद झालाच नव्हता.

"बाबा, ठेवते."

"अगं, जेव तरी..." हा आवाज मागून कुसुमबाईंचा होता.

*

दीड वाजता त्यांनी आठ फोनांच्या वायरी उपटल्या, फोन बंद केले आणि ओळीने टेबलावर ठेवले. आतली उरलीसुरली वीज उतरायला किती वेळ लागतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि एकदा सुरू करून पाहिलेला फोन वाया गेला, कारण सुरू केला की तो पुन्हा जागा झाला. म्हणजे आठ फोन, आठ संधी आणि चार तास.

अडीचला पहिला सुरू केला. उघडला.

साडेतीनला दुसरा. उघडला.

सव्वाचारला तिसरा. उघडला. श्रीधर काचेपलीकडून जाता जाता डोकावले, भुवया उंचावून विचारलं, ती मान हलवून नाही म्हणाली. ते गेले.

पावणेपाचला प्रमोदने चौथ्याकडे हात नेला. त्रिवेणी म्हणाली, "नको, थांब." मग म्हणाली, "कर." फोन उघडला.

चार उरले. तिला वाटलं, आपण एका माणसाच्या सवयीवर नऊ महिन्यांचं काम टांगलंय. उद्या सगळे म्हणतील, ऐन वेळी घाबरली. कंत्राटवाली होती ना. आणि त्याचबरोबर सकाळचं ते घड्याळही समोर होतं, चारवरून पाचवर जाणारं, आणि त्याच्यावर मेलेली काच. पाच दहाला पाचवा फोन उघडला तेव्हा तिने उरलेल्या तिघांवर ओंजळ धरली, जणू कुणी ते घेऊन जाणार होतं.

पाच वीसला सहावा.

खूण उमटली. वेळ दिसली, तारीख दिसली. त्रिवेणीने बोट ठेवलं. काही नाही. प्रमोदने ठेवलं. काही नाही.

"बटणाला हात लावू नको," ती म्हणाली. "नोंद उतरवून घे. श्रीधरना बोलाव."

श्रीधर आले. त्यांनी मेलेल्या काचेवर तीनदा बोट आपटलं. कॉम्प्युटरवर प्रमोदने उतरवलेली नोंद वाचली. चिपला हाक मारली गेली होती, चिपने उत्तर दिलं नव्हतं, आणि फोन तिच्यासाठी न थांबता पुढे निघून गेला होता.

"एक," ते म्हणाले. "दुसरा मी सुरू करणार."

त्यांनी सातवा उचलून बटण दाबलं. लॅबमध्ये फक्त एसीचा आवाज होता. एकोणतीस सेकंद, तीस. पडदा उजळला. श्रीधरनी बोट टेकवलं आणि तसंच ठेवून दिलं. आठवा मग कुणी सुरू करून पाहिलाच नाही.

"हौला हो गया सब, वेडेपणा झाला सगळा," ते पुटपुटले आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने मान वर केली. "ऐक. वायर काढून, फोन बंद करून चार तास कोण ठेवतं? शेकड्यात दोन? तेही बटण दाबून धरलं की ठीक होतंय. आज जाऊ दे. दहा दिवसांत दुसरं अपडेट देऊ, त्यात तुझी ओळ परत घाल. आकडा जाईल, पत्र निघेल, दोन दशांशासाठी दहा दिवसांनी कोण भांडणार? सबका काम हो जाता."

ते वाईट माणूस नव्हते. तिच्या पत्रासाठी त्यांनी वर तीनदा लिहिलं होतं, हे तिला माहीत होतं. म्हणूनच उत्तर देणं कठीण होतं. पाच चाळीस झाले होते.

"शेकड्यात दोन म्हणजे अकरा लाखांत बावीस हजार," ती म्हणाली. "आणि ते दोन कोण, श्रीधर? आपला फोन घेतं कोण? वॉचमन, शेतावर झोपणारे, बॅटरी पुरावी म्हणून रात्री फोन बंद करणारे. बटण दाबून धरायचं त्यांना कोण सांगणार? माझे वडील बत्तीस वर्षं मशिनं चालवत होते. तेसुद्धा चार दिवस स्वतःचीच बोटं खराब समजत होते. मला सांगितलंसुद्धा नाही."

"रोखलंस तर तुझं नाव लागेल. चूक तुझीच आहे, हे सगळ्यांना दिसेल."

"आहेच माझी."

श्रीधर आडवे आले नाहीत. त्रिवेणी आपल्या टेबलाशी गेली. बटण लाल नव्हतंच, साधं करडं होतं. तिने नाव लिहिलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं: पूर्ण बंद राहिलेल्या फोनवर काच चालत नाही. प्रतीक्षेची ओळ मी काढली, चाचणी अपुरी होती. पाच अठ्ठेचाळीसला उलटा पळणारा आकडा थांबला. दोन मिनिटांनी आजूबाजूच्या टेबलांवरचे फोन वाजायला लागले आणि माना एकेक करून तिच्याकडे वळल्या.

*

दुरुस्तीला तीन दिवस लागले. तिने जुनी ओळ जशीच्या तशी परत घातली नाही. आता फोन आधी चिपला विचारतो, उठलीस का. उठली असेल तर पुढे जातो, नसेल तर थांबतो. त्यामुळे पुन्हा सुरू केलेला फोन एकोणतीस पूर्णांक आठवर उठायचा आणि रात्रभर बंद असलेला तीस पूर्णांक दोनवर.

मंगळवारी श्रीधरनी अहवालाचा कागद तिच्यापुढे सरकवला. "आकडा भर. दोन्ही खरे आहेत. कुठला लिहायचा, ते मी सांगत नाही."

पेन हातात घेतल्यावर तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. खालच्या बाजूला सही करायची होती. तिने तीस पूर्णांक दोन लिहिलं आणि सही केली. श्रीधरनी कागद उलटून पाहिला नाही. "पत्र तीसच्या आतच्यावर होतं अम्मा," ते म्हणाले. "कंत्राट मी सहा महिने वाढवून घेतलंय. तेवढंच हातात होतं."

रात्री जेवताना तिने घरी सांगितलं. हणमंतराव ऐकत राहिले. कुसुमबाईंचा हात पोळी वाढता वाढता थांबला.

"म्हणजे पिवळीच दोरी?"

"पिवळीच."

"आणि दोन दशांश सेकंद म्हणजे किती?"

"पापणी लवते ना, तेवढं."

कुसुमबाईंनी पोळी तिच्या ताटात टाकली. मग त्या म्हणाल्या, "तेवढं कुठून तरी निघेल ना सहा महिन्यांत?"

"सतरा जागा शोधून ठेवल्यात," त्रिवेणी म्हणाली. "पण आता प्रत्येक वेळी फोन रात्रभर बंद ठेवून बघावं लागणार. एका रात्रीत एका फोनकडून एकच उत्तर मिळणार."

"मग आज किती ठेवायचेत?" हणमंतरावांनी विचारलं.

तिने पिशवीतून एकेक करून फोन बाहेर काढले. सहा होते.